रेडिओच्या अलीकडची पेटी

"तुम्ही रेडिओवर पेटी वाजवत होतात म्हणे," असे कोणी विचारले की जयवंताबाई त्याला तिथल्या तिथे दुरुस्त करीत. रेडिओवर नव्हे, रेडिओसंगं. हा फरक त्यांनी जन्मभर जपला होता आणि पंच्याऐंशीच्या घरात पोचल्यावरही त्यात तसूभर ढिलाई येऊ दिली नव्हती. जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत त्यांनी सारी नोकरी केली. आज आदिलाबादेत पगारदार म्हणून मिरवणाऱ्या कित्येकांना त्यांनीच पाढे शिकवले आणि प्रार्थनेच्या वेळी ओळीत उभे केले. परंतु आपल्या हयातीतले खरे काम कोणते, असे विचारल्यास त्या शाळेचे नाव घेत नसत. रेडिओच्या अलीकडे बसून पलीकडच्या गवयाला पेटीची साथ करणे, हे त्यांच्या लेखी खरे काम होते.

ही साथ कशी सुरू झाली, ते आधी सांगितले पाहिजे.

बाईंचे वडील सुधाकरराव हे निजामाच्या अमदानीपासून गुडीहत्नूरचे पटवारी. दिवसभर जमाबंदी आणि पहाणी, संध्याकाळी पेटी, असा त्यांचा नेम. मुलगी एकुलती एक. तिला त्यांनी धुळाक्षरांच्या आधी सरगम शिकवली. सत्तावन्न साली त्यांनी बॅटरीवर चालणारा रेडिओ आणला, तेव्हा गावात वीज यायची होती. आभाळ निरभ्र असले की नागपूर लागे, नसले की हैदराबाद. आणि दोन्ही बिघडली की नुसती खरखर लागे, तीही लोक भक्तिभावाने ऐकत. सुधाकररावांच्या मनात आले की आपल्या मुलीची पेटी या डब्यातून ऐकू आली पाहिजे. त्यांनी मोडी वळणाच्या अक्षरात रीतसर अर्ज लिहिला. उत्तर सभ्य भाषेत आले. रेडिओवर पेटी घेतली जात नाही. त्या काळी पेटीला तेथे बंदीच होती. पेटीचे सूर ठरलेल्या जागी खिळलेले असतात, एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय तिच्यात नाही, सबब आपल्या रागदारीला ते वाद्य शोभत नाही, असे जाणत्यांचे मत पडले होते. गवयाच्या मागे सारंगी चाले, पेटी चालत नसे.

सुधाकररावांनी उत्तर वाचले, घडी घातली आणि जमाबंदीच्या दप्तरात ठेवून दिले. संध्याकाळी ओसरीवर रेडिओ मांडला, त्याच्या पुढ्यात पेटी ठेवली आणि पंधरा वर्षांच्या मुलीला हाक मारली.

"ते आपली पेटी घेत नाहीत ना? मंग आपण त्यांचा रेडिओ घेऊ. बस."

तेव्हापासून गुडीहत्नुरात रेडिओ पेटीसह वाजू लागला.

ज्याला आपण ऐकू येत नाही त्याची साथ करणे ही सोपी गोष्ट नव्हे. समोरचा गवई वळून पाहत नाही, थांबत नाही, आपण चुकलो तर सांभाळून घेत नाही. तो कुठे श्वास घेतो यावरून तो कुठे उतरणार हे ओळखावे लागते. जयवंताबाईंना ते साधले. एक अडचण मात्र कायम राहिली. गवयाचा सा पेटीच्या एखाद्या पट्टीवर नेमका पडला तर ठीक; दोन पट्ट्यांच्या मधल्या सांदीत पडला, तर पेटी त्याच्यापुढे मुकी. अशा संध्याकाळी सुधाकरराव भाता मिटायला सांगत आणि जमलेली मंडळी हिरमुसून उठत. "आज गवई मधात बसला," हे वाक्य त्या पंचक्रोशीत पुढे म्हणीसारखे रुळले. वरात अडली, बैल अडला, तहसिलीतला कागद अडला, तरी लोक हेच म्हणत.

दादाजी नावाचे एक कापूसवाले शेतकरी तर या रेडिओवरच लहानाचे मोठे झाले. कापूस घेऊन ते एकदा आदिलाबादेला गेले असता तेथील हॉटेलात रेडिओवर गाणे लागले होते आणि त्यात पेटी नव्हती. दादाजींनी हॉटेलवाल्याला आपुलकीने सांगितले की बाबा, तुझा रेडिओ बिघडला, यातली पेटीची नळी फुटलेली दिसते. हॉटेलभर हशा पिकला. दादाजी ढिम्म. पुढे त्यांनी स्वतः रेडिओ घेतला, आठवडाभर ऐकला आणि पेटी येत नाही म्हणून दुकानदाराला परत नेऊन दिला. खरी गोष्ट सांगणारे पुष्कळ भेटले. परंतु हलक्या प्रतीचा रेडिओ शहरवाल्यांच्या गळ्यात बांधला गेला आहे, हे त्यांचे मत अखेरपर्यंत बदलले नाही.

सत्तरनंतर रेडिओवरची ती बंदी सैल झाली. तोपर्यंत सुधाकरराव निवर्तले होते. बाईंना कोणी बोलावले नाही, बाईंनीही कोणाला विचारले नाही. शाळा सुटली की घरी येऊन त्या रेडिओ लावीत आणि पेटी उघडीत. संसार झाला, वैधव्य आले, मुलाची बदली होत होत तो आदिलाबादेत स्थिरावला आणि बाई पेटीसह त्याच्याकडे राहायला आल्या. संध्याकाळच्या रागदारीची जागा घराघरांत मालिकांनी घेतली, तरी पेटीला दर दसऱ्याला झेंडूचे फूल आणि रोज सकाळी फडके ठरलेले होते.

आता अलीकडची गोष्ट. आदिलाबादच्या ज्ञानदीप मराठी वाचनालयाचे चिटणीस भार्गवराव मुधोळकर हे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले अभियंते. कालव्याला उतार जसा नेमका लागतो, तसा कार्यक्रमालाही लागतो, अशी त्यांची श्रद्धा. त्यांनी योजले की वाचनालयात 'सत्तावन्न सालचा एक रेडिओदिवस' साजरा करावा. पहाटेच्या मंगलवाद्यापासून संध्याकाळच्या गायनापर्यंत सगळे तेव्हासारखे: भक्तिगीते, बाजारभाव, वनिता मंडळ, नभोनाट्य, श्रोत्यांची पत्रे. काचेची भिंत असलेली वाचनखोली हा स्टुडिओ. तेथे गाणारे, बोलणारे आणि निवेदक या नात्याने स्वतः भार्गवराव. बाहेरचे सभागृह हे श्रोत्यांचे घर. तेथे सतरंज्या, बसायला दोन बाजा, पाण्याचा रांजण आणि मेजावर जुन्या रेडिओचा लाकडी सांगाडा, आत ध्वनिवर्धक. स्टुडिओतला आवाज तेवढा बाहेर यावा, बाहेरचा आत जाऊ नये, अशी व्यवस्था. मोबाइल दारातल्या टोपलीत. विजेचा तंबोरा वर्ज्य. सगळ्याचे चित्रीकरण होऊन ते वाचनालयात कायमचे राहणार होते, म्हणजे या जिल्ह्यातले मराठी लोक रेडिओ कसा ऐकत, हे नातवंडांना कळावे.

दिवा लावण्याचा मान जयवंताबाईंना द्यावा, म्हणून भार्गवराव स्वतः घरी आले. बाईंनी योजना शांतपणे ऐकून घेतली आणि एवढेच विचारले, "आन पेटी कवा?"

भार्गवरावांनी आदरपूर्वक समजावले की सत्तावन्न साली रेडिओवर पेटी नव्हती. नियम आपण केलेला नाही, आपण तो पाळतो आहोत इतकेच. एकदा सूट दिली की उद्या कोणी गिटार घेऊन येईल.

"सत्तावन्न साली पेटी होती, भार्गवराव. मी वाजवून राह्यली होती."

"रेडिओवर नव्हती, बाई."

"मंग दिवा बी तुमीच लावा," बाई म्हणाल्या आणि सुनेला चहा आणायला सांगितला. चहा झाला, हवापाण्याच्या गोष्टी झाल्या. पेटीचा विषय पुन्हा निघाला नाही.

सून पूनम बँकेत नोकरीला. भांडणे मिटवणे हा तिच्या कामाचाच भाग. भार्गवराव गेल्यावर तिने सासूबाईंना सुचवले की एका दिवसाचा कार्यक्रम आहे, इतके मनाला लावून घेऊ नये. जयवंताबाईंनी तिला समोर बसवले.

"ते चित्र काढून ठेवनार हायेत, पूनम. मी गेल्यावर तेच खरं ठरन. लोक म्हनतीन, इथली मानसं चुपचाप बसून रेडिओ आयकत होती. आमी चुपचाप नोतो."

पूनमने यावर वाद घातला नाही. कार्यक्रमाच्या दिवशी झुंजूमुंजू होताच तिने गाडीच्या मागच्या सीटवर चादर अंथरली, तीवर पेटी ठेवली आणि सासूबाईंना पुढे बसवले.

वाचनालयाच्या दारात चंदा नावाची ग्रंथपाल मोबाइलची टोपली सांभाळत होती. पेटी पाहून ती गडबडली आणि आत जाऊन भार्गवरावांना घेऊन आली. तोवर दहा-पंधरा मंडळी गोळा झाली होती. भार्गवराव धोतर नेसून, गळाबंद कोट घालून सत्तावन्न सालचे दिसत होते. त्यांनी पेटीकडे पाहिले आणि मान हलवली.

जयवंताबाईंनी काठीने दारावरची पाटी दाखवली. पाटी भार्गवरावांनीच सुवाच्य अक्षरात रंगवून घेतली होती.

"हे काय लिवलं हाय?"

"श्रोत्यांचे घर, सन एकोणीसशे सत्तावन्न."

"मी आयकनाऱ्यातली. हे माहं घर. घरात कोन काय वाजवते, हे पाहाले रेडिओवाले कवा आले होते काय?"

भार्गवरावांनी पाटी पुन्हा वाचली. ते अन्यायी गृहस्थ नव्हते, नियमांचे होते. आपणच केलेले सारे नियम त्यांनी मनातल्या मनात पहिल्यापासून शेवटपर्यंत तपासले आणि या बाईंना अडवणारे कलम त्यांना सापडले नाही.

"काचेच्या आत पेटी येणार नाही," ते अखेरीस म्हणाले.

"तिले बी तिथं जायचं नाई."

बाईंनी रेडिओसमोर सतरंजीवर बैठक मारली. ही बातमी फोनाशिवायही गावभर पसरली. सनई आणि भक्तिगीते आटोपेपर्यंत सभागृह भरले. गुडीहत्नूर-नेरडीगोंड्याकडची जुनी माणसे तर पेटी वाजणार म्हणूनच आली होती. मग भार्गवरावांनी धीरगंभीर आवाजात निवेदन केले आणि नांदेडहून आलेल्या आरोही नावाच्या तरुण गायिकेने तोडी राग सुरू केला. काचेमागे दोन खरे तंबोरे झंकारत होते, त्यांतला एक तिच्याच हातात. जयवंताबाईंनी कान टवकारले, भाता हलकेच दाबला, एक पट्टी चाचपली, मग तिच्या शेजारची. पुन्हा पहिली. सभागृह श्वास रोखून पाहत होते.

बाईंनी भाता मिटला.

गायिकेचा सा पांढरी पाच आणि काळी चार या दोन पट्ट्यांच्या मधोमध पडला होता. सकाळच्या जड गळ्याला सोयीचा म्हणून तिने तो कानानेच लावून घेतला होता आणि त्यात तिची काही चूकही नव्हती. पूनम कानाशी लागून म्हणाली की मी आत जाऊन त्या मुलीला सूर थोडा चढवायला सांगते. बाईंनी तिचा हात धरून खाली बसवले.

"रेडिओले कोनी विनंती केली होती काय कवा?"

सगळा ख्याल होईपर्यंत त्या मिटल्या पेटीवर हात ठेवून ताठ बसून राहिल्या. काचेपलीकडे भार्गवराव कागद जुळवत होते. त्यांचे एकदा इकडे लक्ष गेले, आणि त्यांच्या मुद्रेवर समाधानाची लहानशी रेघ उमटली, असे बाईंना वाटले. गाणे संपल्यावर मागच्या रांगेतून नेरडीगोंड्याचे एक म्हातारे खाकरून म्हणाले, "आज गवई मधात बसला." जुन्या माणसांत खसखस पिकली. बाई हसल्या नाहीत. एवढी गर्दी आपल्या भरवशावर जमली आणि आपण गप्प बसलो, हे त्यांना गिळवत नव्हते. चित्रीकरण करणाऱ्या यंत्रात आता हीच गप्प बसलेली म्हातारी जाणार होती.

दुपार आपल्या क्रमाने गेली. सत्तावन्न सालचे कापसाचे भाव ऐकून शेतकरी मंडळी पोट धरून हसली. नभोनाट्यात नारळाच्या करवंट्यांचा घोडा धावला आणि पत्र्याचा गडगडाट झाला. त्यानंतर श्रोत्यांच्या पत्रांचा कार्यक्रम होता. सभागृहात त्यासाठी पेटारा आणि कोरी कार्डे ठेवलेली होती आणि आलेले प्रत्येक कार्ड वाचले जाईल, असे भार्गवरावांनी सकाळीच जाहीर केले होते. जेवणाच्या सुट्टीत सगळे पुरणपोळीवर असताना जयवंताबाईंनी एक कार्ड मागून घेतले.

भार्गवरावांनी स्तुतीची कार्डे वाचली, फर्माइशीची वाचली. मग त्यांचा आवाज किंचित मंदावला.

"महाशय, आज सकाळच्या गायनात तंबोऱ्याचा षड्ज पांढरी पाच आणि काळी चार यांच्या मधोमध लागलेला होता. त्यामुळे घरी बसून साथ करणाऱ्यांची गैरसोय झाली. शिस्तीबद्दल ख्याती असलेल्या केंद्राकडून असा ढिसाळपणा अपेक्षित नाही. कळावे. जयवंताबाई, गुडीहत्नूर."

सभागृहात हास्याचा लोट उठला. रेडिओतून मात्र कार्ड उलटून पाहिल्याची सळसळ तेवढी आली. पाटबंधारे खात्यात भार्गवरावांना खडूस म्हणणारे होते, कंटाळवाणे म्हणणारे होते. ढिसाळ म्हणण्याची कोणाची छाती झाली नव्हती. काचेतून ते कार्डाकडे पाहत असलेले दिसत होते. अखेर त्यांनी घसा साफ केला आणि केंद्र या तक्रारीची दखल घेत आहे, असे सांगून पुढचे कार्ड उचलले.

दखल घेणे सोपे नव्हते. तंबोरा नेमक्या पट्टीवर आणायचा, तर नेमका सूर कुठून आणावा? मोबाइल त्यांनीच टोपलीत टाकायला लावले होते, विजेचा तंबोरा त्यांनीच हद्दपार केला होता. त्या इमारतीत खात्रीची काळी चार एकाच ठिकाणी होती. संध्याकाळच्या गाण्याआधी स्टुडिओचे दार उघडले आणि तबलजी संतोष हातोडी घेऊनच बाहेर आला. तो बाईंपुढे उकिडवा बसला आणि संकोचून म्हणाला, "आजी, काळी चार देता काय?"

बाईंनी त्याच्या खांद्यावरून पलीकडे पाहिले. "तू आला की धाडलं तुले?"

संतोषने मागे वळून पाहिले. भार्गवराव दारात येऊन उभे होते. स्प्रिंगचे ते दार आपसूक मिटत असे; त्यांनी ते एका हाताने उघडे धरले होते.

"मी पाठवले," ते म्हणाले. "पेटी बाहेरच राहील. सूर आत येऊ द्या."

जयवंताबाईंनी भाता उघडला आणि काळी चार दाबून धरली. सूर सरळ रेषेत सभागृह ओलांडून दारातून आत गेला. आत तंबोऱ्याच्या खुंट्या पिळल्या जाऊ लागल्या. एक तार चढली, दुसरी चढली, मणी सरकले, जवारी उघडली. भाता ओढून बाईंचा हात भरून आला, तरी सूर हलला नाही. एवढा वेळ भार्गवरावही दार धरून उभे होते. आतून आरोहीने मान डोलावली तेव्हा त्यांनी दार लावून घेतले.

पूनमने हसून सासूबाईंकडे पाहिले. बाईंनी तिला आधीच बजावले, "तक्रार केली होती मी. विनंती नाई."

आरोहीने पूरिया धनाश्रीचा पहिला सूर लावला, त्याच क्षणी पेटी त्याच्या बगलेत जाऊन उभी राहिली. सभागृहात कोणीतरी "हां" म्हणाले. बाईंची दोन बोटे आता वळत नव्हती. त्यांचे काम उरलेल्या बोटांनी वाटून घेतले होते. काचेमागच्या मुलीला यातले काही ऐकू येत नव्हते. ती आपल्या मर्जीने थांबे, आपल्या मर्जीने उसळी घेई. तिने सोडलेल्या जागेत पेटी हलकेच पाऊल टाकी आणि ती परतण्याच्या आत बाजूला होई. कुठे घसरत जाणारा सूर आला, की पेटी मुकाट्याने तिष्ठे आणि पुढच्या मुक्कामावर तिला गाठी. दोनदा बाई चुकल्या. चुकल्या तिथे त्यांनी मान वर करून सभोवार पाहिले, जणू विचारीत होत्या की कोणाला काही म्हणायचे आहे काय. कोणाला काही म्हणायचे नव्हते. गुडीहत्नूरकडच्या म्हाताऱ्या बायका डोळे मिटून बसल्या होत्या आणि जुनी माणसे मांडीवर ठेका धरून होती. बघता बघता सतरंजीवरची सगळी मंडळी रेडिओकडे पाठ आणि बाईंकडे तोंड करून बसली. चित्रीकरणाचे यंत्रही तिकडेच वळले.

भार्गवराव आपल्या आसनावर होते. निवेदकाने जागा सोडू नये, हा नियम त्यांचाच. काचेतून त्यांना भाता हलताना दिसत होता, बोटे फिरताना दिसत होती, सगळ्या माना एकदम डोलताना दिसत होत्या. त्या संध्याकाळचे गाणे पेटीशिवाय ऐकणारे एवढे चौघेच त्या इमारतीत उरले होते, आणि ते चौघेही काचेच्या आत होते.

गाणे संपले. भार्गवरावांनी समारोपाचे निवेदन केले: गायन आरोही, तबल्यावर संतोष. तंबोऱ्यावर बसलेल्या मुलीचेही नाव घेतले. पेटीचा उल्लेख केला नाही. सभागृहात कुजबूज झाली, कोणी रागानेही बोलले. जयवंताबाईंनी हात वर करून त्यांना गप्प केले आणि रेडिओकडे पाहून मान हलवली. निवेदन बरोबर होते. सत्तावन्न साली ते असेच झाले असते.

थोड्या वेळाने भार्गवराव बाहेर आले. बाई पेटीच्या कड्या लावत होत्या. ते क्षणभर घुटमळले, मग खाली सतरंजीवर बसले. कडक इस्त्रीचे धोतर चुरगळले तरी त्यांनी तिकडे पाहिले नाही. आपण विचार केला आहे, असे ते म्हणाले. पुढच्या वर्षी सत्तावन्न साल न घेता पुढचे एखादे साल घ्यावे, बंदी उठल्यानंतरचे. म्हणजे काही अडचणच राहणार नाही.

"तुम्ही काचेच्या आत बसाल. रीतसर परवानगीने. निवेदनात नाव घेता येईल."

जयवंताबाईंनी शेवटची कडी लावली आणि पूनमच्या खांद्याचा आधार घेऊन त्या उभ्या राहिल्या.

"नको, भार्गवराव. परवानगीनं वाजवाची सवय नाई मले." त्यांनी पेटी उचलण्याची सुनेला खूण केली. "पुढल्या वर्षी बी सत्तावन्नच घ्या. आन तंबोरा सकाळपासूनच सुरात ठेवजा."